'होते' आणि 'असावे' यांच्यामध्ये : नॅटली झेमन डेव्हिस यांची इतिहाससाधना

'इतिहास हेही अखेर एक कथनच' हे विधान साहित्याच्या वर्गांतून आता इतक्या सहजपणे केले जाते की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. हेडन व्हाइट यांचे 'मेटाहिस्टरी' १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि इतिहासलेखनातील कथानक, रूपक, उपरोध यांची चर्चा करण्याची सोय झाली. ती सोय आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना आवडली, कारण दुसऱ्याच्या घरातही आपलीच भांडी आहेत असा आनंद तिच्यात होता. या चर्चेत दाखला म्हणून ज्या इतिहासकारांचा उल्लेख होतो, त्यांत नॅटली झेमन डेव्हिस यांचे नाव हटकून असते. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधील एका तोतयाच्या खटल्यावरचे त्यांचे पुस्तक कादंबरीसारखे वाचता येते, आणि त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या शीर्षकातच 'दप्तरखान्यातील काल्पनिका' अशा अर्थाचे शब्द आहेत. एवढ्यावरून डेव्हिस यांना 'इतिहास म्हणजे कल्पित' या पक्षात बसवले जाते.

आमचे म्हणणे नेमके उलट आहे. त्यांची कारकीर्द सलग पाहिली, तर कल्पनेला इतिहासात किती जागा द्यावी यापेक्षा कल्पनेने इतिहासात कोणते नियम पाळावेत, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला असे दिसते. तो त्यांना सैद्धान्तिक हौसेतून पडला नाही. परिस्थितीने त्यांच्या हातातले कागद काढून घेतले होते, म्हणून तो पडला.

१

डेव्हिस यांचा जन्म १९२८ चा, अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील एका ज्यू कुटुंबातला. स्मिथ कॉलेजात शिकत असताना, १९४८ मध्ये, त्यांनी चँडलर डेव्हिस या तरुण गणितज्ञाशी विवाह केला. दोघेही डाव्या विचारांचे होते आणि काळ शीतयुद्धाच्या आरंभाचा होता. मिशिगन विद्यापीठात संशोधन करताना त्यांनी विषय घेतला तो ल्यों शहरातील सोळाव्या शतकातल्या छापखाना कामगारांचा. धर्मसुधारणेच्या चळवळीत हे कामगार प्रोटेस्टंट पंथाकडे का वळले, आणि त्या वळण्यामागे वर्ग होता की श्रद्धा होती, असा तो प्रश्न. १९५२ मध्ये त्या ल्योंला गेल्या आणि तिथल्या दप्तरखान्यांत काही महिने त्यांनी कागद चाळले.

त्याच वर्षी, फ्रान्सला जाण्यापूर्वी, त्यांनी एका मैत्रिणीबरोबर एक निनावी पुस्तिका लिहिली होती. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची जी समिती 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी करीत हिंडत होती, तिच्यावर पुस्तिकेत टीका होती. छपाईचे पैसे चँडलर यांच्या सहीने दिले गेले होते. परिणाम दोन झाले. फ्रान्सहून परतल्यावर पतिपत्नींचे पासपोर्ट सरकारने काढून घेतले. आणि १९५४ मध्ये चँडलर यांना त्या समितीपुढे बोलावण्यात आले. उत्तरे देण्यास त्यांनी नकार दिला, विद्यापीठाने त्यांना नोकरीवरून काढले, आणि पुढे १९६० मध्ये त्यांना सहा महिने तुरुंगात काढावे लागले.

पासपोर्ट नाही म्हणजे ल्यों नाही, आणि ल्यों नाही म्हणजे दप्तर नाही. इतिहासाच्या विद्यार्थिनीसाठी ही शिक्षा किती मोठी होती, हे ज्यांनी मूळ कागदांवर काम केले आहे त्यांना सांगावे लागणार नाही. त्या दशकात डेव्हिस यांना तीन मुले झाली, पतीची नोकरी गेलेली होती, आणि प्रबंध अर्धवट होता. त्यांनी वाट काढली ती अशी : न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांतील दुर्मिळ ग्रंथसंग्रहांत सोळाव्या शतकात ल्योंमध्ये छापलेली पुस्तके होती. कामगारांच्या नोंदी हाती नसल्या तरी कामगारांनी जुळवलेली पाने हाती होती. त्या पुस्तकांच्या अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मांडणी, चित्रे, वापराच्या खुणा हे सारे त्या साधन म्हणून वाचू लागल्या. पुस्तक हे केवळ मजकुराचे पात्र नसून माणसामाणसांतील व्यवहार आहे, ही जाण त्यांच्या पुढच्या साऱ्या लेखनात आहे. ती या सक्तीच्या दुष्काळात आली. १९५९ मध्ये प्रबंध पूर्ण झाला. तो ग्रंथरूपाने त्यांनी कधी प्रसिद्ध केला नाही.

२

१९६२ मध्ये चँडलर यांना टोरोंटो विद्यापीठात नोकरी मिळाली आणि कुटुंब कॅनडात गेले. नॅटली टोरोंटोत शिकवू लागल्या. १९७१ मध्ये जिल केर कॉन्वे यांच्यासह त्यांनी तिथे स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यासक्रम सुरू केला. उत्तर अमेरिकेतील अशा अगदी पहिल्या अभ्यासक्रमांत त्याची गणना होते. त्यानंतर बर्कली, आणि १९७८ पासून १९९६ पर्यंत प्रिन्स्टन. १९८७ मध्ये त्या अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्याआधी हे पद फक्त एका स्त्रीला, नेली नील्सन यांना, १९४३ मध्ये मिळाले होते. ही पदांची यादी इथेच पुरे.

त्यांचे पहिले पुस्तक 'सोसायटी अँड कल्चर इन अर्ली मॉडर्न फ्रान्स' १९७५ चे, म्हणजे वयाच्या सेहेचाळिशीनंतरचे. त्यात आठ निबंध आहेत. छापखान्याच्या कामगारांविषयीच्या निबंधात त्यांनी स्वतःच्याच मूळ गृहीतकाला मुरड घातली आहे. मालक एका पंथात आणि मजूर दुसऱ्या पंथात अशी सरळ विभागणी कागदांत सापडली नाही. नव्या पंथात दोन्ही होते. मजूर आधी उत्साहाने स्तोत्रे गात रस्त्यावर उतरले, आणि नव्या चर्चची सूत्रे धनिकांच्या हाती गेल्यावर त्यांतले बरेच जण मागे फिरले. मार्क्सच्या प्रश्नाने सुरुवात करून कागदांनी दिलेले उत्तर मान्य करणे, ही वृत्ती त्यांच्या पहिल्या कामापासूनची आहे.

याच संग्रहातील दंगलींविषयीचा निबंध आधी १९७३ मध्ये 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात आला होता. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट जमावांनी एकमेकांवर जे अत्याचार केले, त्यांना 'अडाणी गर्दीचे वेड' म्हणून सोडून देण्याची रीत होती. डेव्हिस यांनी दाखवले की त्या हिंसेला आकार होता. जमाव पुरोहिताची आणि न्यायाधीशाची भूमिका आपल्याकडे घेत होता. प्रेताची विटंबना, पाण्यात वा अग्नीत टाकणे, मूर्ती फोडणे या कृती चर्चमधील विधींवरून आणि सरकारी शिक्षांवरून उचललेल्या होत्या. म्हणून मारणाऱ्याला आपण पाप करीत आहोत असे वाटत नसे. हा निबंध वाचताना आपल्याकडच्या वाचकाला अस्वस्थ व्हायला होते, कारण 'समाजकंटकांचे कृत्य' हा शब्दप्रयोग आपल्याला चांगला परिचयाचा आहे. हिंसेला अर्थ होता असे म्हणणे म्हणजे हिंसेचे समर्थन नव्हे, हे त्या निबंधाअखेरीस स्पष्ट करतात. वेड म्हटले की कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. अर्थ आहे म्हटले की तो अर्थ कोणी पुरवला हे शोधावे लागते.

३

आता त्या तोतयाकडे येऊ. मराठी वाचकाला तोतया हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो माणूस उभा राहिला आणि ज्याला १७७६ मध्ये देहदंड झाला, त्याची कथा आपण ऐकलेली असते. तोतयाच्या कथेत आपले लक्ष सहसा तोतयाकडे असते. त्याने किती जणांना फसवले, तो कसा पकडला गेला, वगैरे. डेव्हिस यांचे लक्ष होते पत्नीकडे.

फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आर्तिगा नावाचे गाव आहे. तेथील मार्तँ गेर हा तरुण शेतकरी १५४८ मध्ये बापाचे थोडे धान्य चोरल्याच्या प्रकरणानंतर घर सोडून गेला. मागे पत्नी बेर्त्राँद आणि लहान मुलगा राहिला. १५५६ मध्ये मार्तँ परत आला. म्हणजे आपण मार्तँ आहोत असे सांगणारा माणूस आला. बहिणींनी त्याला ओळखले, गावाने ओळखले, बेर्त्राँदने ओळखले. तीन वर्षे संसार चालला, मुली झाल्या. मग जमिनीच्या हिशेबावरून चुलता पिएर याच्याशी भांडण झाले आणि चुलत्याने खटला भरला. १५६० मध्ये प्रकरण तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. न्यायाधीश आरोपीच्या बाजूने झुकत असतानाच लाकडी पायाचा एक माणूस न्यायालयात आला आणि तोच खरा मार्तँ निघाला. तोतया आर्नो द्यु तील याला आर्तिगातच, मार्तँच्या घरासमोर, फाशी देण्यात आली. खटल्याचे काम पाहणारे न्यायाधीश जाँ द कोरास यांनी लगेच, १५६१ मध्ये, त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. माँतेननेही आपल्या निबंधांत या खटल्याचा उल्लेख केला आहे.

डेव्हिस या कथेकडे आल्या त्या चित्रपटाच्या वाटेने. दिग्दर्शक दानिएल व्हीन्य आणि पटकथाकार जाँ-क्लोद कारिएर यांच्याबरोबर त्यांनी सल्लागार म्हणून काम केले. हे कारिएर म्हणजे पीटर ब्रुक यांच्या 'महाभारत' नाटकाची संहिता पुढे ज्यांनी लिहिली तेच. चित्रपट १९८२ मध्ये आला. नटांना भूमिकेचा सूर शोधताना पाहून डेव्हिस यांना नवे प्रश्न सुचले, परंतु चित्रपटात जे गळले त्याने त्या अस्वस्थही झाल्या. गेर घराणे मूळ बास्क प्रदेशातून आले होते, हे गेले. खेड्यापाड्यांत पसरत असलेला प्रोटेस्टंट पंथ गेला. पत्नीचे दुहेरी वागणे आणि न्यायाधीशाच्या मनातला गोंधळ सौम्य झाला. चित्रपटात 'कदाचित' म्हणता येत नाही. पडद्यावर माणूस एकतर दार उघडतो किंवा उघडत नाही. पुस्तक लिहिण्याची गरज त्यांना या जागी जाणवली, आणि ते इंग्रजीत १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे पुन्हा कागद नव्हते. साक्षीपुराव्यांचे मूळ कागद नष्ट झालेले आहेत. उरले होते कोरास यांचे पुस्तक, आणखी एक समकालीन वृत्तांत आणि न्यायालयाच्या निकालाची नोंद. मग डेव्हिस यांनी आजूबाजूच्या गावांतील लेखनिकांचे करारनामे, विवाहाचे करार, मृत्युपत्रे, जमिनीचे व्यवहार धुंडाळले. बेर्त्राँद काय म्हणाली हे सापडले नाही, तर तिच्यासारख्या शेतकरी स्त्रीला त्या परिसरात काय म्हणता येत होते, वारसा किती मिळत होता, विधवेला आणि टाकलेल्या बायकोला कोणता दर्जा होता, हे शोधले. आणि त्या आधारावर असा निष्कर्ष काढला की बेर्त्राँद फसली नव्हती. घरात आलेला माणूस आपला नवरा नाही हे तिला लवकरच कळले असावे, आणि तरीही तिने त्याला साथ दिली असावी.

४

हे 'असावे' अनेकांना खटकले. रॉबर्ट फिनले यांनी १९८८ मध्ये 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू'मध्ये सविस्तर आक्षेप घेतला. कोरास यांच्या पुस्तकात बेर्त्राँद फसवली गेलेली स्त्री आहे, न्यायालयानेही तिला निर्दोष मानले आणि तिच्या मुलीला औरस ठरवले. मग चारशे वर्षांनंतर तिला स्वतःचे आयुष्य स्वतः घडवणारी नायिका कोणत्या पुराव्यावर करता? हे विसाव्या शतकातील स्त्रीचे मन सोळाव्या शतकातल्या स्त्रीला लावणे नव्हे काय? त्याच अंकात डेव्हिस यांनी उत्तर दिले. कोरास हा न्यायाधीश होता, त्याला निकालाचे समर्थन करायचे होते, तरीही त्याच्या मजकुरात शंकेच्या जागा उरल्या आहेत, असे त्यांनी दाखवले. बेर्त्राँदच्या आधीच्या आयुष्याकडेही त्यांनी बोट दाखवले. लग्नानंतर आठ वर्षे मार्तँपासून मूल झाले नाही, माहेरच्यांनी लग्न मोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा तिने ठामपणे नकार दिला होता. म्हणजे परिस्थितीचा हिशेब करून वागण्याची तिची रीत जुनी होती.

कोणाचे खरे? आम्हांला फिनले यांचा आक्षेप फेटाळून लावण्याजोगा वाटत नाही. आर्नो आणि बेर्त्राँद यांना प्रोटेस्टंट विचारांत आपल्या नात्याला आधार सापडला असेल, ही डेव्हिस यांची सूचना तर फारच पातळ दोऱ्यावर उभी आहे. परंतु या वादातली महत्त्वाची गोष्ट अशी की फिनले यांना हा आक्षेप घेता आला. डेव्हिस यांनी अनुमानाची प्रत्येक जागा उघडी ठेवली होती. कोणते विधान कोरासचे, कोणते करारनाम्यातले आणि कोणते त्यांचे स्वतःचे, हे वाचकाला वेगळे करता येते. पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी कबूल केले आहे की यातील काही भाग आपला आहे, मात्र तो गतकाळातील आवाजांच्या धाकात ठेवलेला आहे. कादंबरीकारावर असा आक्षेप घेता येत नाही, कारण त्याच्या वाक्यांना असे सांधे नसतात.

मराठीत या सांध्यासाठी स्वतंत्र क्रियारूप आहे. 'ती जाणत होती' आणि 'ती जाणत असावी' यांत फक्त एका शब्दाचा फरक आहे, पण पहिल्या वाक्याची जबाबदारी पुराव्यावर आहे आणि दुसऱ्याची बोलणाऱ्यावर. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि बखरींतील चुका अस्सल पत्रांशी ताडून दाखवल्या, तेव्हापासून आपल्याकडे दोन छावण्या पडल्या आहेत. एकीकडे पत्र, तारीख, शिक्का. दुसरीकडे बखर, पोवाडा, ऐतिहासिक कादंबरी. पहिल्या छावणीला 'होते' हवे असते. दुसऱ्या छावणीलाही खरे तर 'होते'च हवे असते, पुरावा नसला तरी. 'असावे' या रूपाला दोन्हीकडे मान नाही. डेव्हिस यांचे मोठेपण आम्हांला यात दिसते की त्यांनी हे रूप लाज न बाळगता आणि लपवाछपवी न करता वापरले.

५

'फिक्शन इन द आर्काइव्ह्ज' हे १९८७ चे पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे, आणि शीर्षकावर न थांबता वाचावे. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये मनुष्यवधाचा आरोप असलेला माणूस राजाकडे क्षमेचा अर्ज करू शकत असे. अर्ज लेखनिक लिहीत असे, पण घडलेली हकीकत आरोपीने सांगायची. ती पटण्यासारखी असावी लागे, कारण पुढे न्यायालयात तिची छाननी होई. मग शेतकरी, खाटीक, शिंपी आपली गोष्ट कशी रचत? सण कोणता होता, कोण किती प्यालेला होता, शिवी कोणी आधी दिली, हातात सुरी का होती. डेव्हिस इथे खोटे पकडायला बसत नाहीत. 'फिक्शन' हा शब्द त्या 'घडवणे' या मूळ लॅटिन अर्थाने घेतात आणि विचारतात की त्या काळी चांगली, विश्वसनीय गोष्ट कशाला म्हणत. पुरुषाला रागाच्या भरात हातून घडले असे म्हणता येई. स्त्रीला ती सबब तितकी शोभत नसे, आणि स्त्रियांचे अर्जही फार थोडे आढळतात. क्षमा मिळण्याच्या वाटेत कथनाचे नियमही आडवे येत होते.

मराठी दप्तरांत काम करणाऱ्याला इथे आपली ओळखीची माणसे दिसू लागतील. वतनाच्या तंट्यांतील करीने, कैफियती, तकरिरी ही सारी अशीच पक्षकारांनी सांगितलेली आणि लेखनिकाने उतरवलेली कथने आहेत. आपण त्यांतून वंशावळी, सनावळ्या आणि हक्कांचा तपशील काढून घेतो. गोष्ट कशी सांगितली आहे, याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकांना ते आपले काम वाटत नाही. डेव्हिस यांचे पुस्तक या दोघांच्या मधल्या पडीक जमिनीवर उभे आहे.

६

पुढच्या काळात त्यांचे क्षेत्र फ्रान्सबाहेर गेले. 'विमेन ऑन द मार्जिन्स' (१९९५) मध्ये सतराव्या शतकातील तीन स्त्रिया आहेत : आठवणी लिहून ठेवणारी ज्यू व्यापारी ग्लिक्ल, कॅनडात गेलेली कॅथलिक जोगीण मारी द लँकार्नासिओं आणि सुरिनामच्या कीटकांची चित्रे काढणारी प्रोटेस्टंट चित्रकार मारिया सिबिला मेरियन. आरंभी एक काल्पनिक संवाद आहे. त्यात या तिघी लेखिकेवर रागावतात : आम्हांला एका पुस्तकात कोंबलेस का? संवाद काल्पनिक आहे हे शेंबड्या पोरालाही कळावे अशी त्याची रचना आहे, आणि त्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

वयाच्या सत्तरीनंतर, २००६ मध्ये, त्यांनी हसन अल-वझ्झान याच्यावर पुस्तक लिहिले. ग्रानादात जन्मलेला, फेसमध्ये वाढलेला हा मुस्लिम राजदूत १५१८ मध्ये ख्रिस्ती चाच्यांच्या हाती सापडला, पोपला नजर केला गेला, १५२० मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि युरोपने त्याला 'लिओ आफ्रिकानस' या नावाने ओळखले. त्याने रोममध्ये आफ्रिकेचे वर्णन लिहिले, पण स्वतःविषयी तो जवळजवळ गप्प आहे. या पुस्तकात 'असावे', 'असेल', 'शक्य आहे' यांची इतकी गर्दी आहे की काही वाचकांना ती जाचते. आम्हांलाही काही ठिकाणी जाचली. पण दोन धर्मांच्या मध्ये जगणारा माणूस जिथे मुद्दाम मौन पाळतो, तिथे इतिहासकाराने खात्रीने बोलावे तरी कसे? ज्या तरुणीचा पासपोर्ट विचारांमुळे गेला होता, तिला सावधपणे बोलणाऱ्या आणि गप्प राहणाऱ्या माणसांचे आकर्षण वाटले असावे. हे 'असावे' आमचे आहे.

२०१० मध्ये त्यांना नॉर्वेचा होल्बर्ग पुरस्कार मिळाला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मानव्यविद्यांसाठीचे राष्ट्रीय पदकही मिळाले. एकेकाळी याच देशाच्या सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला होता. चँडलर २०२२ मध्ये गेले. नॅटली २१ ऑक्टोबर २०२३ रोजी टोरोंटोत, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, गेल्या.

त्यांच्या निधनानंतरही 'इतिहास हे कथनच' म्हणताना त्यांचे नाव घेतले जाईल. आमची विनंती एवढीच की पुढच्या वेळी वर्गात ते नाव घेण्यापूर्वी 'मार्तँ गेर'चे एखादे प्रकरण पेन्सिल हातात घेऊन वाचावे आणि प्रत्येक वाक्याखाली खूण करावी : हे कोरासचे, हे करारनाम्यातले, हे डेव्हिस यांचे. खुणा करता येतात, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. मग तीच पेन्सिल घेऊन आपल्या आवडत्या एखाद्या ऐतिहासिक कादंबरीचे, किंवा आपल्याच एखाद्या समीक्षालेखाचे, एक पान वाचावे. तिथे खुणा करता येतात का, हे ज्याचे त्याने पाहावे.